गाबोळी नसलेला मासा

"गाबोळी असलेली बघून दे गे काकी," मी म्हटलं, आणि ती हसायलाच लागली.

"मोरीक गाबोळी खंय आसता रे झिला? मोरीक पोरां जातत."

देवगड बंदरावरची संध्याकाळ. लिलाव आटोपले होते, बर्फाचा चुरा पायाखाली वितळत होता आणि घरून मिळालेल्या हुकमाप्रमाणे मी मोरी घ्यायला आलो होतो. भाची बाळंतीण होऊन बारा दिवस झाले होते. आमच्याकडे बाळंतिणीला मोरीचं कालवण हे ठरलेलंच. त्याने अंगावर दूध येतं असं आजीपासून सगळ्या सांगत आल्या. गाबोळीचं मी उगाच बोलून गेलो, सुरमईच्या सवयीने. पण लाज वाटली ती निराळ्या कारणाने. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे.

काकीने टोपलीतली एक मोरी उचलली. दोन वितींना थोडी कमी, राखाडी, पोट टरटरलेलं. कोयतीने तिने पोट एका रेघेत उघडलं. आत दोन लांबट पिशव्या होत्या, त्यातली एक तिने अंगठ्याने फाडली आणि बोटभर लांबीची पिल्लं तिच्या तळहातावर आली. डोळ्यांचे काळे ठिपके, कल्ल्यांच्या पाच-पाच चिरा, शेपटी, सगळं जागच्या जागी. अंग दुधाळ, जवळजवळ आरपार. आणि प्रत्येकाच्या छातीपाशी एक दोरी. साधी गुळगुळीत दोरी नव्हे, लुगड्याच्या पदराला दशा असाव्यात तशी झालर लागलेली. दोरीचं दुसरं टोक पिशवीच्या भिंतीत रुजलेलं. मी एक पिल्लू हलकेच ओढून पाहिलं. दोरी ताणली, भिंतही थोडी ओढली गेली, पण सुटली नाही.

नाळ होती ती. दोन्ही पिशव्यांतली मिळून नऊ पिल्लं, नऊ नाळा.

हा मासा माझ्या ओळखीचा होता, फक्त दुसऱ्या नावाने. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आम्ही तो मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारून उताणा पालथा केला होता. तिथे त्याचं नाव स्कोलिओडॉन. कवटी खरवडून पाचवी, सातवी, नववी आणि दहावी नस मोकळी करायची, न तोडता. दहावी तुटली की मार्क गेले. महाराष्ट्रातल्या, खरं तर भारतभरच्या, प्राणिशास्त्राच्या किती पिढ्या या माशावर शिकल्या त्याची गणती नाही. १९२८ साली थिल्लयमपलम या प्राध्यापिकेने त्याच्यावर एक अख्खी पुस्तिका लिहिली आणि तेव्हापासून तो अभ्यासक्रमात ठाण मांडून बसला. प्रयोगशाळेतल्या स्कोलिओडॉनला फॉर्मॅलिनचा वास, घरातल्या मोरीला भाजलेल्या खोबऱ्याचा. हे दोन एकच, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. नसा मोजता मोजता त्याच्या पोटात काय चालतं हे पाहायचं राहूनच गेलं.

नाव आधी उलगडू. स्कोलिओडॉन म्हणजे वाकडे दात. तोंडात बोट घालून पाहिलं तर तिरके, कडेला झुकलेले बारीक दात लागतात. पुढचं लॅटिकॉडस म्हणजे रुंद शेपटीचा. इंग्रजी नाव मात्र नाकावरून पडलंय, कारण नाक फावड्याच्या पात्यासारखं लांब आणि चपटं आहे. मालवण-देवगडकडे मोरी, वर रत्नागिरी-मुंबईकडे मुशी. या दोन्ही नावांत इतरही लहान शार्क येतात, त्याचा घोळ पुढे सांगतो. ही मोरी जास्तीत जास्त पाऊण मीटरपर्यंत वाढते, बहुतेक त्याहून बरीच लहान असतात. किनाऱ्याजवळचं उथळ, गढूळ पाणी तिचं घर. नद्यांच्या मुखातही शिरते. खाणं लहान मासे, कोळंबी, माकुलं. आयुष्य पाच-सहा वर्षांचं. सिनेमातला शार्क डोळ्यांपुढे आणून हिच्याकडे पाहिलं तर हसू येईल.

पण पोटातली गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

पापलेट, बांगडा, सुरमई ही मंडळी अंडी पाण्यात सोडून मोकळी होतात. हजारांनी, लाखांनी सोडतात, त्यातली चार जगतात. शार्क आणि पाकट यांचं घराणं वेगळ्या वाटेने गेलं: थोडी पिल्लं, पण जपून. काही जाती चामड्यासारख्या पाकिटात अंडी घालतात, काही ती पोटातच उबवतात. अशा अंड्यात बलक भरपूर असतो, कधी कोंबडीच्या अंड्यातल्या पिवळ्या बलकाहूनही मोठा. आईने दिलेली शिदोरीच ती, बाळाने तिच्यावर निभावायचं. मग काही शार्क एक पाऊल पुढे गेले. शिदोरी संपत आली की बलकाची रिकामी होत चाललेली पिशवी गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते आणि तिचीच वार बनते. बलकाकडून पिल्लाकडे जाणारा देठ म्हणजे नाळ. त्यापुढे आई पोसते.

मोरीने शिदोरीच रद्द करून टाकली. तिचं अंडं साधारण १ मिलिमीटरचं, खसखशीच्या दाण्याएवढं. शार्कांमधलं सर्वांत लहान. त्यात बलक जवळजवळ नाहीच. गर्भ अगदी इवला असतानाच भिंतीत रुजतो, आई त्याच्यासाठी भिंतीतून देठावरचा पेला वाढवावा तशी जागा करते आणि तिथे वार तयार होते. नाळेवरची ती झालर सजावटीची नाही. गर्भाशयात पाझरणारा पोषक द्रव ती शोषून घेते, म्हणजे बाळाला दोन वाटांनी अन्न. पाच-सहा महिन्यांत खसखशीच्या दाण्यातून १२ ते १५ सेंटिमीटरचा, दात आलेला, पहिल्या दिवसापासून शिकार करणारा मासा बाहेर पडतो. एका वेळी साधारण ६ ते १८. माशांच्या सगळ्या कुळात वारेच्या साहाय्याने पिल्लं वाढवण्याची ही सर्वांत पुढे गेलेली तऱ्हा मानतात. सस्तन प्राण्यांनी हा शोध स्वतंत्रपणे लावला, शार्कांनी स्वतंत्रपणे. भाची आणि ती टोपलीतली मोरी यांचा सामाईक पूर्वज चाळीस कोटी वर्षांहूनही मागे कुठेतरी पोहत होता, आणि त्याला नाळ नव्हती.

शार्कला वार असते हे पहिल्यांदा लिहून ठेवलं ॲरिस्टॉटलने, सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, भूमध्य समुद्रातल्या एका गुळगुळीत मुशीबद्दल. पुढे शतकानुशतकं लोकांना ते पटेना. मासा आणि नाळ? शेवटी योहानेस म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८४२ साली ॲरिस्टॉटल बरोबर होता हे सिद्ध केलं. मला गंमत वाटते ती पुढची. याच म्यूलरने त्याच्या चार वर्षं आधी, १८३८ मध्ये, याकोब हेन्ले या सहकाऱ्याबरोबर आपल्या मोरीला तिचं शास्त्रीय नाव दिलं होतं.

मोरीच्या पोटाकडे नीट पाहिलं ते मुंबईत. सेटना आणि सारंगधर या दोन मत्स्यशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये तिच्या वाढीचं तपशीलवार वर्णन छापलं. त्या काळात ती स्कोलिओडॉन सोराकोवा या नावाने ओळखली जायची. जॉन वूर्म्स या अमेरिकी संशोधकाने १९९३ मध्ये सगळा मामला पुन्हा तपासला आणि वारेच्या बाबतीत ही जात टोकाला पोचली आहे असं मांडलं. काकीने यातलं काही वाचलेलं नाही. तिला ते चार शब्दांत ठाऊक होतं, आणि तिच्या आईलाही असणार.

मोरी साफ करताना मात्र मी या वेळी डोळे उघडे ठेवले. नाकाचा चपटा भाग बोटांनी दाबला की बारीक बारीक छिद्रांतून स्वच्छ जेलीसारखं काहीतरी वर येतं. लहानपणी ते आम्ही मोरीचा शेंबूड म्हणायचो. ती छिद्रं म्हणजे लॉरेन्झिनीच्या कलशांची तोंडं. स्टेफानो लॉरेन्झिनी या इटालियनाने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण त्यांचं काम कळायला विसावं शतक उजाडलं. जिवंत प्राण्याच्या स्नायूंची, हृदयाची हालचाल पाण्यात अगदी क्षीण विद्युत क्षेत्र निर्माण करते, आणि ही जेली ते मज्जातंतूंपर्यंत पोचवते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग बेताचाच. चिखलात दबून बसलेली कोळंबी मोरीला नाकाने सापडते ती अशी.

कातडी हाताला शेपटीकडून डोक्याकडे घासली तर काचकागद. प्रयोगशाळेत आम्ही ती पोटॅशमध्ये उकळून सूक्ष्मदर्शकाखाली खवले पाहायचो. एकेक खवला म्हणजे दंतिन आणि इनॅमलसारख्या आवरणाचा बारीकसा दातच. घरी आई हाच प्रयोग पोटॅशशिवाय करते. मोरीवर कढत पाणी ओतायचं आणि सुरीने खरवडायचं, की ‘रेती’ निघून जाते.

आणि वास. मोरी ताजीच हवी, दुसऱ्या दिवशीची नको, असा आमच्याकडे दंडक आहे, कारण शिळी मोरी डोळ्यांत पाणी आणते. समुद्राच्या खारेपणाशी जुळवून घेण्यासाठी शार्क आपल्या अंगात युरिया साठवतात, आपल्या रक्तात असतो त्याच्या कितीतरी पट. तो साठवून जगता यावं म्हणून आणखी एक रसायन जवळ बाळगतात. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात. म्हणून ते कढत पाणी, ती सोलं, तो मालवणी मसाल्याचा सढळ हात. मोरीला मटणासारखं शिजवायची रीत चवीसाठी असेल, पण तिच्यामागे शार्कच्या रक्ताचं रसायनशास्त्रही आहे. काटा नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणून म्हाताऱ्यांना आणि मुलांना बिनधास्त वाढता येते. बाळंतिणीच्या दुधाचं म्हणाल तर एवढंच सांगतो: अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळा असं सांगतं, कारण दीर्घायुषी मोठ्या शिकारी माशांच्या मांसात पारा साठत जातो. पाच-सहा वर्षं जगणारी हातभर मोरी आणि तीन मीटरचा शार्क यांत त्या बाबतीत फरक आहे. आईला मी हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कालवण ढवळत राहिली.

आता टोपलीकडे परत येऊ, कारण घोळ टोपलीत आहे.

जगभरच्या शार्क, पाकट आणि त्यांच्या भाऊबंदांची २०२१ मध्ये जी मोठी मोजदाद झाली तिच्यात एक तृतीयांशाहून जास्त जाती नामशेष होण्याच्या धोक्यात निघाल्या. मुख्य कारण एकच: मासेमारी. मोरी त्या यादीत उंबरठ्यावर आहे, ‘संकटाच्या निकट’ या वर्गात. ती अजून आत ढकलली गेलेली नाही याचं श्रेय तिच्या घाईला द्यावं लागतं. एक-दोन वर्षांत वयात येते, वर्षभर विण्याचं चक्र चालू असतं. शार्कांच्या मानाने ही खटपटी गृहिणी. बाकीच्यांचं तसं नाही.

त्याच टोपलीत, मोरींच्या बरोबर, हातभर लांबीची एक कानमुशी पडली होती. डोकं हातोड्यासारखं आडवं, दोन टोकांना डोळे. हातोड्या-डोक्याच्या शार्कांपैकी आपल्या किनाऱ्याला पिल्लाच्या वयात सापडणारी एक जात अतिधोक्याच्या यादीत आहे. जन्मतानाच ती अर्ध्या मीटरच्या आसपास असते आणि मादी दोन मीटरच्या पुढे गेल्याशिवाय वयात येत नाही. त्याला वर्षानुवर्षं लागतात. म्हणजे टोपलीत शेजारी शेजारी, जवळपास सारख्या लांबीच्या दोघी: एक नऊ पोरांची आई, दुसरी कालपरवा जन्मलेली. गिऱ्हाईकाला दोन्ही मोरीच. माझ्यासारख्याला लहान मोरी कोवळी लागते, म्हणून लहानच हवी.

शार्क म्हटलं की आपण परातभर पंखांचं सूप पिणाऱ्या परदेशी लोकांकडे बोट दाखवतो. ते सोयीचं आहे. भारताने शार्कच्या पंखांची निर्यात २०१५ मध्ये बंद केली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामात झालेल्या, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स परिषदेत मोरीचं अख्खं कुळ दुसऱ्या परिशिष्टात गेलं, म्हणजे परदेशी व्यापाराला परवाना लागणार. पण देवगडची मोरी देवगडात, फार तर कणकवली-कोल्हापुरात शिजते. तिला कस्टमचा शिक्का लागत नाही. दिव्या कर्नाड आणि सहकाऱ्यांनी गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मच्छीमारांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलून २०२० मध्ये जे मांडलं त्याचा रोख हाच होता: पंखांपेक्षा घरच्या बाजारातली मांसाची मागणी आता जास्त जोर लावते, आणि तीही लहान शार्कना. ते वाचताना मला कालवणाचा वास आला, खोटं कशाला बोलू.

कायदा नाही असं नाही. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीत. असा संरक्षित जीव सापडला आणि जाळं कापून सोडला तर महाराष्ट्रात २०१८ पासून मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना मला मनापासून आवडते, कारण जाळ्याची किंमत काय असते हे ती ओळखते. पण व्हेल शार्क एकटा येतो आणि होडीएवढा असतो. मोरी बांगड्या-मांदेलीच्या ढिगात येते, आणि ट्रॉलरच्या जाळ्यात दोन-तीन तास ओढली गेल्यावर वर येईपर्यंत बहुधा मेलेलीच असते. तिला कुणी कसं सोडायचं?

पावसाळी बंदीही तिला पुरी पडत नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद. ठरावीक हंगामात अंडी सोडणाऱ्या माशांना तो आधार होतो. मोरीचा हंगाम बाराही महिने आणि गर्भारपण पाच-सहा महिन्यांचं. मे महिन्यात राहिलेली मोरी बंदीचे दोन महिने सुखाने काढते आणि ऑगस्टमध्ये, पोट वाढलेलं असताना, पहिल्या जाळ्यापुढे येते. दक्षिणेला मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. तेवढ्यात मोरी राहील अशी अपेक्षा धरणं म्हणजे कोंबडीला अंगणात खडूने रेघ मारून देणं.

उरतं ते जाळ्याचं आस, म्हणजे त्याच्या भोकाचं माप. ट्रॉलरच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी आस असावं, ४० मिलिमीटरचं, असा नियम आहे. चौकोनी आस ओढ लागली तरी मिटत नाही, शंकरपाळ्याच्या आकाराचं मिटतं. त्यातून बारीक मासळी निसटू शकते. पण नऊ पोरं पोटात घेतलेली मोरी नाही निसटत. तिच्यासाठी ट्रॉलर किनाऱ्यापासून लांब राहायला हवेत, आणि यावर देवगड-मालवणचे गाबीत मच्छीमार इतकी वर्षं भांडतायत की नवीन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, मोरी पुष्कळदा जिवंत येते. तिथे हात चालू शकतो, मनात आणलं तर.

आठवड्याने पुन्हा बंदरावर गेलो. काकीला मी विचारलं, गाभणी मोरी जिवंत मिळाली तर कुणी सोडतं का? "मासो सोडूक कोण जाता दर्यात?" ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, तिचा सासरा रापणीला असायचा, तो कधीमधी सोडायचा. का, ते तिने विचारलं नव्हतं.

मग मी तिला त्या आठवड्यात वाचलेली एक गोष्ट सांगितली. नाळेवर वाढलेल्या शार्कला बेंबी असते. पोटाकडून, पुढच्या दोन पंखांच्या मधोमध. जन्मल्यावर काही आठवडे तिथे बारीक चीर दिसते, मग बुजून जाते; संशोधक ती पाहून नवजात पिल्लू ओळखतात. तिला पटलं नाही. माशाला नाळ हे ठीक, ते रोज दिसतं, पण बेंबी?

टोपलीत त्या दिवशीही एक कानमुशी होती, हातभर. काकीने ती उचलली, उताणी केली, पदराने पोट पुसलं आणि डोळ्यांजवळ नेली. पंखांच्या मध्ये अर्ध्या तांदळाएवढी गुलाबी चीर होती, कडा अजून जुळल्या नव्हत्या. तिने त्यावरून अंगठा फिरवला.

"गे बाय माजे," ती म्हणाली, "हेची बोंबली सुकाक नाय अजून."

मागून कुणीतरी दर विचारला. तिने कानमुशी परत मोरींच्या शेजारी ठेवली आणि दर सांगितला, दोन्हींचा एकच.